अंगणातली बाग : खर्च थोडा, हिशेब पक्का

घर बांधताना आपल्याकडचा कारागीर आणि छोटा व्यापारी हात सैल सोडतो. फरशी, ग्रिल, रंग यांवर पैसा जातो. घरापुढे जो दहा-पंधरा फुटांचा तुकडा उरतो, त्यावर सिमेंट ओतून विषय संपवला जातो. मग उन्हाळ्यात तेच सिमेंट रात्रीपर्यंत धग सोडते, पावसाचे पाणी थेट गटारात जाते आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट पाहतो. हा तुकडा हिरवा करायला ठेकेदार लागतो, हा निव्वळ गैरसमज आहे. लागते ते माप, माती आणि पाण्याची वाट. रोपांचा नंबर त्यानंतर. आम्ही कापडवाले मोजल्याशिवाय थानाला कात्री लावत नाही. तोच कायदा इथे लावावा.

माप आणि माती

अंगण १५ बाय १० फुटांचे आहे असे धरू. कंपाउंडच्या दोन भिंतींना लागून २ फूट रुंदीचा वाफा काढला, तर एका बाजूला १५ फूट आणि दुसरीकडे ८ फूट लांबी मिळते. वाफा झाला ४६ चौरस फूट. उरलेले १०४ चौरस फूट उठबस, मोटारसायकल आणि मुलांसाठी मोकळे राहतात. वाफा घराच्या भिंतीला चिकटवू नये, ओल आत येते.

एक फूट खोल खणले म्हणजे ४६ घनफूट, अर्ध्या ब्रासपेक्षाही कमी. जागची माती चांगली असेल तर विकत घेऊ नका. दगड वेचून तीन भाग माती आणि एक भाग कुजलेले शेणखत मिसळा. खत लागेल सुमारे १२ घनफूट. हा आकडा हाती नसला की विकणारा पूर्ण ट्रॉली दारात रिकामी करतो. काळी माती चिकट असेल तर थोडी जाडी वाळू घालावी. बांधकामाचा राडारोडा भरलेला असेल तर मात्र तो काढून माती आणावीच लागते.

गच्चीवाल्यांनी सांभाळून

अंगण नाही म्हणून गच्चीवर माती पसरणारे बरेच आहेत. आयएस ८७५ या भारतीय मानकात वावराच्या गच्चीसाठी चौरस मीटरला सुमारे १५० किलो भार धरला आहे. ओल्या मातीचा एक फुटाचा थर तेवढ्याच जागेत ५०० किलोच्या आसपास भरतो. म्हणजे तिपटीहून अधिक. स्लॅबखाली आपलीच मुलेबाळे झोपतात. गच्चीवर मोजक्या हलक्या कुंड्या, त्याही खालच्या भिंतीच्या किंवा बीमच्या वर ठेवाव्यात. याहून जास्त करायचे तर आधी इंजिनिअरला विचारावे.

पाण्याची वाट

जुन्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मलिक अंबरने सतराव्या शतकात जमिनीखालून नहर आणून शहराला पाणी दिले. बीबी का मकबऱ्याची बागही पाण्याच्या पाटांवर आखलेली आहे. बाग करायची तर आधी पाणी कुठून येणार ते ठरवावे, हा धडा आपल्या छोट्या अंगणालाही लागू आहे.

आपल्या घरात वुजूचे पाणी दिवसातून पाच वेळा गटारात जाते. त्यात साबण नसतो. वुजूच्या जागेपासून वाफ्यापर्यंत पाइपचा एक तुकडा टाकला की काम झाले. एका वुजूला तीन लिटर धरले, तर पाच माणसांच्या घरात दिवसाला ७५ लिटर होतात. नळाखाली बादली ठेवून आपल्या घरचा आकडा मोजून पाहा. तो मोठा निघाला तर नळाची धार आवरा. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरपेक्षाही कमी पाण्यात वुजू करीत, असे हदीसमध्ये आले आहे. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी मात्र झाडांना घालू नये.

मोकळ्या जागेत शहाबादीचे फुटके तुकडे वाळूवर बसवावेत आणि सांधे सिमेंटने भरू नयेत, म्हणजे पाऊस जमिनीत मुरतो. उतार घराकडून बाहेर, दर चार फुटांना एक इंच ठेवावा. मात्र आपले पाणी शेजाऱ्याच्या दारात जाता कामा नये. त्याचा हक्क आधी.

काय लावावे

हिरवळीच्या मोहात पडू नका. तिला पाणी फार लागते आणि कापणीही. कंपाउंडच्या कडेने फूटभर अंतराने मेहंदी लावावी. ती कमी पाण्यावर टिकते, पुरुषभर वाढून अंगणाला पडदा करते आणि भिंत उंचावण्याचा खर्च वाचवते. ईदला, लग्नकार्याला पाला घरचाच. मेहंदी, मोगरा, जास्वंद, शेवगा फांदीवरून येतात, म्हणून नातेवाइकांकडून छाटणी मागून आणावी. लिंबू आणि कढीपत्ता नर्सरीतून घ्यावा. पुदिना बाजारच्या जुडीतल्या काड्यांवरही लागतो. शेवग्याची फांदी वाऱ्याने मोडते, तो विजेच्या तारेखाली नको. वड, पिंपळ भिंतीजवळ अजिबात नकोत.

ओल टिकावी म्हणून मातीवर वाळका पाला किंवा जुने बारदान अंथरावे. चिंध्या वापरायच्या तर कोऱ्या सुती घ्या. धागा जाळून पाहा. कागदासारखा जळून राख झाला तर सूत. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. ते कुजत नाही, मातीत घालू नका.

खर्चाचा क्रम

मे महिन्यात खणणे आणि खत, जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावणी. पैसे संपले तर फरशीचे तुकडे पुढच्या वर्षी बसवा. झाडे थांबत नाहीत, फरशी थांबते. बागेसाठी व्याजाचा हप्ता तर मुळीच नको. खणणे, मिसळणे, लावणे हे घरच्या दोन हातांचे काम आहे. सुटीच्या दिवशी मुलांनाही हाताशी घ्या.

मुसलमानाने लावलेल्या झाडाचे माणसाने, पक्ष्याने किंवा जनावराने खाल्ले तर लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, असे हदीस सांगते. दुकानाच्या वहीत न दिसणारा हा नफा आहे. यंदाच्या पावसाळ्यात तो जमा करावा. अल्लाह आपल्या मेहनतीत बरकत देवो.