जिमसाठी ट्रेडमिल घेताय? आधी मोटर बघा

परवा जाम गावाला हायवेच्या चौरस्त्याजवळ एका पोराची नवी जिम बघायला गेलो. त्यानं स्वस्तात घेतलेली घरगुती ट्रेडमिल दोन महिन्यांतच बंद पडली होती. ही मशिनं दुरुस्त करणं माझं रोजचं काम, म्हणून लिहितोय.

जाहिरातीतला 'पीक' एचपी क्षणभराचा असतो. विचारायचा तो 'कंटिन्युअस' एचपी. जिमसाठी किमान 3 एचपी, आणि शक्यतो एसी मोटर. डीसी मोटरचे कार्बन ब्रश झिजतात.

विजेचा विचार तर कोणी करतच नाही! 1 एचपी म्हणजे 746 वॅट. 3 एचपीला 230 व्होल्टवर 10 अँपिअरच्या आसपास करंट लागतो. म्हणून प्रत्येक मशिनला वेगळी 16 अँपिअरची लाइन आणि पक्कं अर्थिंग हवंच.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो. टिनाच्या शेडखाली मोटर तापते, पट्टा कोरडा असला तर आणखीच. पट्ट्याखालचं सिलिकॉन ऑइल नियमित तपासा, हायवेची धूळ रोज पुसा.

पट्टा 20 इंच रुंद, 60 इंच लांब बघा. मशिनमागे 2 मीटर जागा मोकळी सोडा.

पैसे देण्याआधी मॉडेलचा फोटो कमेंटमध्ये टाका, जमेल तसं सांगतो.