आठ तासांचं बेट

बोटीवर रोज रात्री खोलीच्या दारात दुसऱ्या दिवसाचं पत्रक येऊन पडायचं. त्यात बेटाचं नाव मोठ्या अक्षरांत आणि परतण्याची वेळ त्याहून ठळक. ‘फाल्मथ, जमैका. सकाळी ८ ते दुपारी ४. शेवटचा प्रवेश साडेतीन.’ मुलगी फ्लोरिडात असते. तिच्या आग्रहाने जूनमध्ये मायामीहून सात दिवसांच्या कॅरिबियन सफरीला गेलो होतो. जूनपासून तिकडे वादळांचा हंगाम धरतात, म्हणून तिकिटं त्यातल्या त्यात स्वस्त. बोटीवर पोहण्याचे तलाव, नाटकगृह, जुगारघर, चोवीस तास खाणं असं सगळं होतं. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईला मग साधा प्रश्न पडतो : इतकं सगळं बोटीवरच आहे, तर ती बेटांवर थांबते कशाला?

परत आल्यावर वाचत गेले तेव्हा पहिलं उत्तर मिळालं ते निळ्या समुद्रात नव्हे, अमेरिकेच्या १८८६च्या एका कायद्यात. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेऊ नयेत, असा तो कायदा. देशी जहाजमालकांच्या संरक्षणासाठी केलेला. आज मायामीहून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या बोटी बहामा, पनामा अशा देशांत नोंदवलेल्या असतात. कर आणि मजुरीचे नियम तिथे सोयीचे पडतात. अशा बोटीने फेरीत अमेरिकेचं दुसरं बंदर घ्यायचं, तर वाटेत एखादं परदेशी बंदरही घ्यावं लागतं. कुठेच न थांबता समुद्रात चक्कर मारून येणाऱ्या फेऱ्या पूर्वी होत्या. खलाशांच्या व्हिसाचे नियम कडक झाल्यावर त्याही मागे पडल्या. या कायद्याची पकड किती, ते करोनाच्या काळात दिसलं. कॅनडाने आपली बंदरं बंद ठेवली आणि अलास्काच्या फेऱ्याच अडल्या. २०२१मध्ये अमेरिकी संसदेला तात्पुरती सवलत देणारा वेगळा कायदा करावा लागला. बेट सुंदर आहे की नाही हा प्रश्न नंतरचा. आधी ते परदेशी आणि जवळ असावं लागतं. बहामातलं बिमिनी मायामीपासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर आहे.

दुसरं उत्तर पैशाचं. बोट धक्क्याला लागली की जुगारघर आणि करमुक्त दुकानं बंद होतात. त्या दिवसाची कमाई मग किनाऱ्यावरून यावी लागते. म्हणून सहली. धबधबा, बांबूचा तराफा, डॉल्फिन, दोरीवरून जंगलावरची सफर; सगळ्यांची तिकिटं बोटीवरच विकतात. किमतीतला कंपनीचा वाटा वजा होऊन उरलेले पैसे बेटावरच्या बसवाल्याला, वाटाड्याला मिळतात. बाहेर तीच सहल स्वस्त मिळते, पण खरी मेख वेळेत आहे. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट थांबते, आपण आपले फिरायला गेलो आणि उशीर झाला तर थांबत नाही. धक्क्यावरून पिशव्या सांभाळत धावणारी जोडपी आणि वरच्या कठड्यावरून टाळ्या वाजवणारे लोक, हा रोजचाच खेळ होता. मीही टाळ्या वाजवल्या. आज त्याची थोडी लाज वाटते.

धक्का नसेल तिथे बोट लांब नांगर टाकते आणि छोट्या होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर सोडतात. कोकण बोटीने प्रवास केलेल्यांना हे नवं नाही. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावात उतरायचं, जीव मुठीत धरून. फरक इतकाच की आमच्या माणसांना त्या गावी जायचं असायचं.

फाल्मथला मात्र धक्का आहे. हे गाव १७६९मधलं. साखर आणि रम बाहेर जायची, आफ्रिकेतून गुलाम आत यायचे. जॉर्जियन वळणाच्या इमारती अजून उभ्या आहेत. न्यूयॉर्कच्या आधी आमच्याकडे नळाचं पाणी आलं, असं इथले लोक अभिमानाने सांगतात. १८३८च्या १ ऑगस्टला गुलामगिरी पुरती संपली, तेव्हा विल्यम निब या धर्मोपदेशकाच्या लोकांनी बेड्या शवपेटीत घालून इथे पुरल्या. एवढा इतिहास धक्क्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर. २०११मध्ये महाकाय बोटींसाठी बंदर सुरू झालं. एका बोटीत सहा हजारांवर प्रवासी मावतात. गावाची वस्ती दहा हजारांहून कमी. आम्ही उतरलो तेव्हा बंदराच्या आवारातच दागिन्यांची, टी-शर्टांची दुकानं होती आणि तिथूनच बसगाड्या सुटत होत्या. बहुतेक सहप्रवासी बसमध्ये बसले आणि ओचो रिओसच्या डन्स रिव्हर धबधब्याकडे किंवा मार्था ब्रे नदीतल्या तराफ्यांकडे गेले. गाव त्यांनी काचेतून पाहिलं.

यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा त्याहून सरळ आहे : गाव नसलेलंच बेट घ्यायचं. नॉर्वेजियन कंपनीने १९७७मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं. हॉलंड अमेरिका लाइनने १९९६मध्ये लिटल सॅन साल्वादोर विकत घेतलं. डिस्नेने गोर्डा के भाडेपट्ट्याने घेतलं, नाव बदललं आणि १९९८पासून बोटी नेल्या. अमली पदार्थांचे तस्कर पूर्वी जिथे विमानं उतरवत ती धावपट्टी तिथे होतीच. अशा बेटावर वाळू, छत्री, जेवण, पेय सगळं बोटीचंच. बेट म्हणजे बोटीचा आणखी एक मजला.

हैतीमधलं लाबादी हे बेटही नाही, ते मुख्य भूमीचंच टोक आहे. रॉयल कॅरिबियनने ते १९८०च्या दशकापासून भाडेपट्ट्यावर घेतलं आणि कुंपण घातलं. जानेवारी २०१०मध्ये हैतीत भूकंप झाला, राजधानी ढिगाऱ्याखाली गेली. तीनच दिवसांनी त्या किनाऱ्यावर बोट लागली, प्रवासी पोहले. जगभर टीका झाली. कंपनीचं म्हणणं होतं की बोटीतून मदतीचं सामान आणलं आहे, आणि फेऱ्या थांबवल्या तर तिथल्या कामगारांची रोजी बुडेल. हे म्हणणं मला सहज झटकता येत नाही. कारण पुढे टोळ्यांच्या हिंसेमुळे फेऱ्या खरंच थांबवल्या गेल्या, आणि कुंपणाच्या आतल्या रोजीवर जगणाऱ्यांना बाहेर पर्याय काय होता?

पण पर्याय निवडता येतो असंही एक बेट आहे. ग्रँड केमनला अजून छोट्या होड्यांतूनच उतरावं लागतं. तिथे मोठा धक्का बांधायचा सरकारचा बेत होता. प्रवाळ आणि बुडालेल्या जुन्या जहाजांच्या जागा धोक्यात येतील म्हणून नागरिकांनी विरोध केला. त्यांच्या राज्यघटनेप्रमाणे चतुर्थांश मतदारांच्या सह्या झाल्या की सार्वमत घ्यावं लागतं. त्यांनी दारोदार फिरून तेवढ्या सह्या जमवल्या. बेत २०२०मध्ये बारगळला, आणि एप्रिल २०२५च्या सार्वमतात लोकांनी पुन्हा ‘नको’ म्हटलं. यात टॅक्सीवाल्यांची, छोट्या दुकानदारांची मतं दोन्हीकडे होती हे विसरू नये.

आमच्या जेवणघरात वाढणारा एक मुलगा सावंतवाडीकडचा निघाला. चार दिवस ‘मॅडम’ म्हणत होता. मी मुलीशी मराठीत बोलताना ऐकलं आणि ‘काकू’ झाले. फाल्मथ कसं आहे, असं त्याला विचारलं. म्हणाला, “काकू, शंभर वेळा आलो असेन. गेटच्या बाहेर दोनदा गेलो.” प्रवासी उतरले तरी आणीबाणीसाठी ठरावीक कर्मचारी बोटीवर असावेच लागतात, शिवाय आगीच्या आणि बुडण्याच्या कवायती प्रवासी बाहेर असतानाच होतात. सुटी मिळाली की तो धक्क्यालगत जिथे फुकट वायफाय लागतं तिथे बसतो आणि आईला फोन करतो.

मी सहल घेतली नव्हती. गेटबाहेर पडून वॉटर स्क्वेअरपर्यंत चालत गेले. एका बाईच्या पाटीत आंबे होते. नाव विचारलं तर म्हणाली, “बॉम्बे.” मी हसले, तिला वाटलं, भाव जास्त सांगितला. या बेटावर १८४५पासून भारतातून करारावर मजूर नेले. आंबा मात्र त्याही आधी, अठराव्या शतकात पोचला होता. ‘बॉम्बे’ ही जात तिथे चांगलीच नावाजलेली आहे आणि दुसऱ्या एका जातीचं नावच ‘ईस्ट इंडियन’. मी मुंबईकडची आहे हे सांगायला गेले, पण तिचं इंग्रजी मला आणि माझं तिला नीट कळेना.

फळं बोटीवर नेऊ देत नाहीत. दोन आंबे तिथेच पायरीवर बसून खाल्ले, साल दातांनी सोलून. रसाळ होते, रेषा थोड्या, वास पायरीच्या जवळ जाणारा. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. हात धुवायला पाणी मागितलं तर तिने पाटीखालची बाटली पुढे केली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.