हायबरनेटचा यूझरटाइप : समानतेचा निर्णय कोणाचा?

शंभर रुपये आणि शंभर डॉलर यांतला आकडा एकच, पण त्यांची थेट बेरीज करता येत नाही. म्हणून जाणता जावा प्रोग्रामर ‘रक्कम’ हा स्वतंत्र प्रकार घडवतो आणि आकडा व चलन त्यात एकत्र ठेवतो. टेबलाच्या कॉलमात मात्र मुख्यतः संख्या, मजकूर, तारीख असे ठरीव प्रकार असतात. आपला प्रकार तिथे नेऊन अर्थासकट परत आणण्याची सोय हायबरनेट या जावा फ्रेमवर्कने ‘यूझरटाइप’ या इंटरफेसमधून केली आहे.

हायबरनेटची सुरुवात गॅव्हिन किंग यांनी 2001 मध्ये केली. त्या काळी एंटरप्राइझ जावाबीन्समधून डेटा साठवणे किचकट होते. साध्या क्लासचे ऑब्जेक्ट सरळ टेबलात जावेत, हा त्यांचा ध्यास होता. 2006 मध्ये ठरलेल्या जेपीए या जावातल्या डेटा साठवणीच्या मानकावर हायबरनेटचा ठसा स्पष्ट आहे.

यूझरटाइपमधली वाचनाची आणि लेखनाची मेथड चटकन समजते. खरा कस लागतो तो समानता ठरवणारी ‘इक्वल्स’ आणि किमतीची प्रत काढणारी ‘डीपकॉपी’ लिहिताना. डेटाबेसमधून ओळ आली की हायबरनेट तिच्यातल्या किमतींची नोंद जपून ठेवते. फ्लशच्या वेळी, म्हणजे बदल डेटाबेसकडे पाठवताना, ती नोंद आणि ऑब्जेक्टची आताची स्थिती ताडून पाहते. फरक दिसला, तरच अपडेट पाठवते. यालाच डर्टी चेकिंग म्हणतात.

आता जावाचा बिगडेसिमल घ्या. त्याच्या इक्वल्सला 100.0 आणि 100.00 वेगळे वाटतात, कारण दशांश स्थळांची संख्या वेगळी आहे. कंपेअरटू मात्र त्यांना समान मानतो. यूझरटाइपच्या इक्वल्समध्ये बिगडेसिमलचे इक्वल्सच वापरले, दोन दशांश स्थळांच्या कॉलमातून 100.00 आले आणि प्रोग्रामने तिथे 100.0 ठेवले, तर रक्कम तीच असूनही अपडेट निघू शकते. उलट चूक अधिक घातक. जेसन म्हणून साठवलेली, बदलता येणारी यादी असेल आणि डीपकॉपीने तोच ऑब्जेक्ट परत दिला, तर जपलेली नोंदही यादीबरोबर बदलते. हायबरनेटला फरक दिसत नाही, बदल साठवला जात नाही आणि एररही येत नाही.

2013 च्या जेपीए 2.1 मध्ये ‘अ‍ॅट्रिब्यूट कन्व्हर्टर’ आला. त्यात दोनच मेथड लिहायच्या, जातानाची आणि येतानाची. साध्या रूपांतराला तो पुरेसा आहे आणि तिथे तोच वापरावा. दोन कॉलमांत मावणाऱ्या रकमेसाठी ‘कंपोझिट यूझरटाइप’ आहे. हायबरनेट 6 मध्ये यूझरटाइपची रचना बदलली. वाचन कॉलमच्या नावाऐवजी क्रमांकाने होऊ लागले. डर्टी चेकिंगसाठी समानतेचा प्रश्न मात्र कायम राहिला.

दोन किमती केव्हा समान मानायच्या, हे फ्रेमवर्क आपल्या वतीने ठरवू शकत नाही. ते व्यवहार जाणणाऱ्या माणसानेच ठरवावे लागते. म्हणून यूझरटाइप लिहिताना पहिली टेस्ट रूपांतराची नव्हे, समानतेची असावी.