स्पीकर घेताय? आधी डोळे मिटा!

पैठण गेटला नाहीतर निराला बाजारात स्पीकर घ्यायला गेलात की काय होतं, आठवा. एक स्पीकर वाजतो, मग दुसरा. दुसऱ्याचा आवाज किंचित जास्त असतो, मुद्दाम असेल किंवा नकळत. आणि तुम्ही लगेच म्हणता, 'हा भारी!' गंमत अशी, की थोडासा जास्त आवाज आपल्याला 'मोठा' वाटतच नाही, 'चांगला' वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही पुरतो. साठवलेले चार-पाच हजार तेवढ्यावर जातात.

प्रत्येक ग्रुपमध्ये एक आकडेवाला असतो आणि एक कानवाला. पहिला खोका वाचतो, दुसरा म्हणतो, 'मला ऐकून कळतं ना यार.' खरं सांगू? दोघंही गंडू शकतात.

आधी आकडेवाला. खोक्यावर '5000 वॉट पीएमपीओ' छापलेलं असतं. पीएमपीओ मोजायची ठरलेली एक पद्धतच नाही, त्यामुळे कंपनी हवा तो आकडा छापते. त्यापेक्षा सोबतचा अडॅप्टर बघा. 12 व्होल्ट, 2 अँपिअर लिहिलंय? गुणाकार करा, 24 वॉट. आत 24 येत असतील तर बाहेर सतत 5000 कुठून येणार? बघायचाच तर आरएमएसचा आकडा बघा.

आता कानवाला. 1994 साली हरमन कंपनीतल्या फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी एक प्रयोग मांडला. तेच श्रोते, तेच स्पीकर; फक्त एकदा समोर दिसणारे आणि एकदा पडद्याआडचे. दिसत होते तेव्हा मोठ्या, देखण्या स्पीकरचे मार्क वाढले आणि छोट्या, स्वस्त दिसणाऱ्याचे घसरले. त्याहून भारी गोष्ट म्हणजे, स्पीकरची खोलीतली जागा बदलली की पडद्याआडून लोकांना फरक कळायचा. डोळ्यांसमोर असताना तो फारसा जाणवेना. म्हणजे कान बिचारा ठीकच होता, डोळे मध्ये लुडबुड करत होते.

आणि जागा ही खरंच मोठी गोष्ट आहे. तुमची होस्टेलची किंवा भाड्याची खोली दहा बाय दहा, स्लॅबही दहा फुटांवर, असं धरा. ध्वनी सेकंदाला साधारण 345 मीटर जातो. दहा फूट म्हणजे 3.05 मीटर. वेगाला त्याच्या दुपटीने भागा, 57 हर्ट्झच्या आसपास उत्तर येतं. हा स्वर समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतो, आणि इथे लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारख्या, म्हणून तिप्पट गोंधळ. कोपऱ्यात बसलात तर नुसतं घुम् घुम्, मधोमध बसलात तर तोच बास गायब. स्पीकर तोच बरं का.

मग लोक भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवतात. त्यापेक्षा आजीची वाकळ टांगा. टाळी वाजवल्यावर येणारी झिणझिण कमी होईल. बास मात्र तिला जुमानत नाही. त्याची लाट सहा मीटर लांब असते, वाकळ बोटभर जाड. त्यासाठी स्पीकर कोपऱ्यातून काढा, स्वतःची खुर्ची सरकवा. खर्च शून्य.

खोली काय करते ते अनुभवायचं असेल तर वेरूळला दहाव्या लेण्यात जा. छताला लाकडी वासे वाटावेत अशा दगडी फासळ्या आहेत. तिथे एक लांब सूर लावा, तो तुमच्यानंतरही रेंगाळतो. आता भरभर बोलून बघा, शब्द एकमेकांत मिसळतात. आवाज किती सेकंद घुमला ते मीटर सांगेल. ते घुमणं प्रार्थनेला छान आणि रॅपला वाईट, हे मीटर सांगणार नाही.

हे सेकंद मोजायला सुरुवात कशी झाली माहितीये? 1895 मध्ये हार्वर्डच्या एका लेक्चर हॉलमध्ये शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, शिकवलेलं कळायचं नाही. वॉलेस सबाइन हा तरुण प्राध्यापक रात्री नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, ऑर्गनची नळी वाजवून बंद करायचा आणि आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. आवाज विरला हे ठरवायचा त्याचा स्वतःचा कान! त्यातून निघालेलं सूत्र आजही वापरतात. 1900 साली उघडलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल त्याच्याच हिशोबावर उभा आहे.

तुम्हीही करून बघा. दोन स्पीकर शेजारी ठेवा. फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप घ्या. त्याचा आकडा चुकीचा असू शकतो, पण एकाच फोनने, एकाच जागेवरून मोजलं तर तुलना बऱ्यापैकी जमते. दोन्हींचे आवाज सारखे करा. मग तुम्ही डोळे मिटायचे आणि मित्राने नाणं उडवून कोणता लावायचा ते ठरवायचं. दहा वेळा. पाच बरोबर आले तर तो नुसता छापा-काटा आहे, स्वस्तातला घ्या. नऊ आले तर फरक खरंच ऐकू येतोय, आवडला तो घ्या. डोळे मिटवत नसतील तर पडदा लावा, पण पातळ ओढणीचा. वाकळ लावलीत तर वरचे स्वर तीच खाऊन टाकेल.