देवीची फणी आणि मुलीची जट

पाथर्डी तालुक्यात (जि. अहिल्यानगर) मोहटादेवीची नवरात्रात ओटी भरतात. महाराष्ट्रात देवीच्या पूजेत, हरतालिकेला तर हमखास, हळदकुंकू, काळे मणी आणि आरसा यांबरोबर फणी-करंडाही वाहतात. वेणीफणी हे सौभाग्याचे लक्षण, म्हणून देवीलाही फणी!

पण एखाद्या मुलीच्या केसांत गुंता झाला, की काही घरांत ती ‘यल्लम्माची जट’ ठरते आणि फणीच बंद होते. हा गुंता होतो कसा?

एक लांब केस चिमटीत धरून बोटे मुळाकडून टोकाकडे सरकवा. स्पर्श गुळगुळीत लागेल. उलट दिशेने किंचित खरखरीत लागेल. कारण केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. रोज सुमारे ५० ते १०० केस गळतात. विंचरले नाही तर ते तिथेच उलटसुलट अडकतात. तेल, घाम, धूळ आणि वर वाहिलेली हळद यांनी गुंता घट्ट होतो. मग उवा होतात, त्वचेला संसर्ग होतो, मानेवर भार येतो.

त्वचेबाहेरचा केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्यात ना रक्त, ना मज्जातंतू. त्यामुळे जट कापताना वेदना होत नाहीत. १९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी समजूत काढून अनेक स्त्रियांना जटामुक्त केले आहे.

आपल्या वर्गात अशी मुलगी असेल, तर तिची चेष्टा होऊ देऊ नये. पालकांशी शांतपणे बोलावे. देवीला फणी वाहणाऱ्या घरात लेकीच्या केसांतूनही फणी फिरायला हवी.