फुलांचे वृक्ष आणि गावाची बाग

पुण्याहून सातार्‍याकडे जाताना भोर तालुक्यातील वरवे बुद्रुकच्या आसपास फाल्गुनात पळसाचा केशरी बहर नजरेत भरतो. साधारण याच सुमारास जपानमध्ये साकुरा, म्हणजे शोभेची चेरी, फुलू लागते आणि ती पाहण्यासाठी माणसे सहकुटुंब उद्यानांतून जमतात. पळसाच्या वाट्याला मात्र असे कौतुक क्वचितच येते. एका वृक्षाच्या बहराला लोकोत्सवाचे रूप कसे लाभले, याचा इतिहास ग्रामपंचायतींनाही उद्बोधक ठरावा.

दरबारातून लोकांकडे

साकुराचा आनंद प्रारंभी दरबारी मंडळींपुरताच होता. अठराव्या शतकात शोगुन तोकुगावा योशिमुने यांनी आजच्या टोकियोतील आसुकायामा टेकडीवर चेरीची झाडे लावविली आणि ती जागा सामान्यजनांस खुली केली. पुढे १८७३ मध्ये जपानी शासनाने सार्वजनिक उद्यानांची प्रथा सुरू केली, तेव्हा पहिल्या उद्यानांत आसुकायामाचा समावेश झाला. ओकायामा येथील कोराकुएन ही इकेदा घराण्याची बाग १७०० मध्ये पूर्ण झाली. ती १८८४ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिच्या आवारात भाताची खाचरे व चहाचा मळाही आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर असलेले पु. ल. देशपांडे उद्यान याच बागेच्या धर्तीवर उभारण्यात आले. आपल्याकडे मुंबईची राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्येच लोकांसाठी खुली झाली होती.

कलमाची किमया

जपानमध्ये सर्वत्र दिसणारी ‘सोमेई योशिनो’ ही चेरी बियांपासून नव्हे, तर कलमांनी वाढविली जाते. हापूसच्या कलमांत मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतात, तसेच येथेही घडते. त्यामुळे एका परिसरातील सारी झाडे जवळजवळ एकाच वेळी फुलतात. परंतु सर्व झाडे एकसारखी असल्याने एखादा रोग आल्यास तो सर्वांनाच बाधण्याचा धोका असतो.

रोपे निरोगी असण्याचे महत्त्वही या इतिहासात दिसते. १९१० मध्ये टोकियोने वॉशिंग्टनला भेट दिलेली सुमारे २,००० झाडे कीडग्रस्त आढळल्याने जाळून टाकावी लागली. जपानने खचून न जाता नवी रोपे काळजीपूर्वक तयार केली आणि १९१२ मध्ये ३,०२० झाडे पाठविली. आज वॉशिंग्टनचा वसंत या झाडांमुळे ओळखला जातो.

आपल्या मातीतील बहर

ही चेरी भोरमध्ये का लावू नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तिच्या कळ्यांना उमलण्यापूर्वी दीर्घकाळ कडक थंडी लागते; ती आपल्या हिवाळ्यात मिळत नाही. मुंबईत विक्रोळीजवळ महामार्गालगत फुलणार्‍या गुलाबी झाडांना लोक चेरी समजतात, पण ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतून आलेली टॅबेबुया आहेत.

वास्तविक आपल्याकडे बहराची वाण नाही. हिवाळा सरता सरता काटेसावर व पांगारा, त्यामागून पळस, एप्रिल-मे महिन्यांत बहावा आणि राज्यपुष्पाचा मान मिळालेला ताम्हण, असा क्रम लावता येतो. शाळेचे आवार, गावतळ्याचा काठ किंवा स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता यांवर हे वृक्ष योजनापूर्वक लावल्यास गावाला कित्येक महिने फुलांची सोबत लाभेल. पळस, पांगारा व काटेसावर यांच्या मधासाठी पक्षीही येतात.

मात्र वृक्षारोपणाचे यश आषाढात लावलेल्या रोपांच्या संख्येवर नव्हे, तर पुढील वैशाखात जगलेल्या रोपांवर मोजले पाहिजे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी, गुरांपासून संरक्षणासाठी काटेरी कुंपण आणि प्रत्येक झाडामागे एक जबाबदार कुटुंब किंवा वर्ग, एवढी व्यवस्था ग्रामसभेने रोपे आणण्यापूर्वीच ठरवावी. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली झाडे तोडू नयेत, असे बजावले आहे. ज्या झाडाला गावाने असे वाढविले, त्याचा बहर पाहण्यासाठी गाव आपोआप जमेल.