तीन पावलं, तरी शिट्टी नाही!

बास्केटबॉलच्या सामन्यात ‘तीन पावलं टाकली, ट्रॅव्हलिंग!’ अशी ओरड प्रेक्षकांतून हमखास उठते. चेंडू घेऊन नियमबाह्य पावलं टाकणं म्हणजे ‘ट्रॅव्हलिंग’. पंच मात्र शांत असतात. का?

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये लिहिलेल्या मूळ १३ नियमांत चेंडू घेऊन धावायला बंदीच होती. झेलला तिथूनच तो फेकायचा. आजचा नियम ‘पिव्हट’ पायावर उभा आहे. उभ्याने चेंडू झेलला, की एक पाय (हाच पिव्हट) जागेवर ठेवून दुसरा हवा तितक्या वेळा, हवा तिकडे टाकता येतो. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत नेणं) सुरू करताना पिव्हट पाय उचलण्याआधी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. पास किंवा शॉटसाठी मात्र हा पाय उचलता येतो. फक्त पुन्हा टेकण्याआधी चेंडू सुटायला हवा.

धावत्या खेळाडूला थोडी सवलत आहे. चेंडू ताब्यात येताना जो पाय जमिनीवर असतो, तो मोजतच नाहीत. हे ‘शून्य पाऊल’. त्यापुढे दोन पावलं चालतात. ‘फिबा’ या आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने २०१७ मध्ये ही तरतूद केली.

म्हणून पावलं मोजण्याआधी चेंडू ताब्यात नेमका कधी आला, ते पाहा. मोजणी तिथूनच सुरू होते.